कॅबिनेट हवे तसे रंगवा, पण अर्थिंग झाकू नका!

संगणकाची पेटी, दुकानदाराच्या भाषेत ‘कॅबिनेट’, आता टेबलाखाली सरकवून ठेवायची वस्तू राहिलेली नाही. एका बाजूला काच आणि आत रंग बदलणारे दिवे हे तर आता साध्या दुकानातही मिळते. त्यापुढची पायरी म्हणजे आवडीच्या विषयावर रंगवलेले, पत्रा कापून-वाकवून नवा आकार दिलेले कॅबिनेट. या छंदाला ‘केस मॉडिंग’ म्हणतात. मोबाइलवर त्याचे परदेशी व्हिडीओ पाहिले की वाटते, यासाठी लेझर कटिंगचे यंत्र, स्प्रे बूथ आणि भरपूर पैसा हवा. नागपुरात, त्यातही महालात राहणाऱ्याने असे वाटून घेण्याचे कारण नाही. रंगाचा हात चितार ओळीत आहे, पत्र्याचा हात कूलर बनवणाऱ्यांकडे आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. कॅबिनेट ही शोभेची पेटी वाटते, पण ती घराच्या वायरिंगचा शेवटचा तुकडा असते. तिला रंग देणे म्हणजे त्या वायरिंगला हात लावणे. व्हिडीओत हे सहसा कोणी सांगत नाही.

हा छंद आला कुठून?

१९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हा आराखडा आणला. मदरबोर्डचे माप किती, स्क्रूची छिद्रे कुठे, एसएमपीएस कसा बसणार, हे त्यात ठरवून दिलेले होते. कोणत्याही कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसवणे त्यामुळे सोपे झाले आणि पेटी ही वेगळी विकत घ्यायची, म्हणून वेगळी बदलायचीही वस्तू झाली. तेव्हाच्या बहुतेक पेट्या एकाच मळकट बदामी रंगाच्या. १९९८ मध्ये ॲपलचा निळसर, अर्धपारदर्शक आयमॅक आला आणि संगणक दिसायलाही वेगळा असू शकतो हे लोकांनी पाहिले. त्याच सुमारास हौशी मंडळी बाजूच्या पत्र्याला खिडकी कापून ॲक्रिलिक बसवू लागली. पुढे कंपन्यांनीच काचेच्या पेट्या विकायला काढल्या. तैवानची कूलर मास्टर ही कंपनी तर ‘केस मॉड वर्ल्ड सीरिज’ नावाची जागतिक स्पर्धा घेते. त्यात तयार कॅबिनेटमध्ये बदल करणाऱ्यांचा एक गट असतो आणि अख्खी पेटी शून्यापासून घडवणाऱ्यांचा दुसरा. घरी पहिल्यांदा करून पाहणाऱ्याने पहिल्याच गटात राहावे. त्यातही काम पुष्कळ आहे.

पत्रा कोण कापणार?

नागपूरकराला हवेचा मार्ग वेगळा शिकवावा लागत नाही. कूलर सुरू केला की घरातून आवाज येतोच, ‘समोरची खिडकी उघडी ठेव रे!’ हवा आत येते तशी ती बाहेर जायलाही हवी, नाहीतर कूलर नुसता दमटपणा करतो. संगणकाच्या कॅबिनेटचे गणित अगदी हेच आहे. समोरून आणि खालून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. म्हणूनच जत्रेतला कमानीवाला किंवा शोभेच्या वस्तू करणारा गाठण्यापेक्षा कूलरची पेटी बनवणारा कारागीर या कामाला जास्त योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पातळ पत्रा मापात कापणे, कडा दुमडणे, झडपा काढणे, पंख्यासाठी गोल भोक पाडणे हे त्याचे रोजचे काम आहे. पत्रा इतवारीच्या लोहा ओळीत मिळतो, महालातून पायी जाण्याइतक्या अंतरावर.

चांगल्या कॅबिनेटचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो, स्वस्तातल्याचा त्याहून पातळ. बोटाने दाबल्यावर बाजूचा पत्रा वाकून ‘टण्’ असा आवाज आला, तर त्यावर जड धातुकाम लादू नका. वेल्डिंगचा मोहही टाळा. पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो आणि जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंग केले की निघणारा पांढरा धूर नाकात गेल्यावर ताप येतो. पॉप रिव्हेट किंवा छोटे नट-बोल्ट पुरतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चौकोन कानसीने घासत बसलेल्या सगळ्यांना तेव्हा प्रश्न पडायचा, याचा पुढे उपयोग काय? उपयोग हा! कापलेली प्रत्येक कड कानस मारून बोथट करायची. हात कापू नये हे एक कारण. दुसरे म्हणजे, त्या कडेवरचा मुलामा कापताना गेलेला असतो आणि कूलरची हवा लागणाऱ्या घरात गंज तिथूनच सुरू होतो. कडेला प्रायमरचा एक जादा हात द्यायलाच हवा.

कापण्याआधी आतले सगळे भाग काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘फक्त एकच भोक पाडायचे आहे’ म्हणून मदरबोर्ड जागच्या जागी ठेवून ड्रिल चालवणे हा सर्वांत महागात पडणारा आळस आहे. लोखंडाचा केसाएवढा कीस मदरबोर्डवर दोन पायांच्या मध्ये पडला की शॉर्ट व्हायला तेवढे पुरे. काम झाल्यावर पेटी ब्रशने झाडा, धुवा, वाळवा आणि कोपऱ्यांतून लोहचुंबक फिरवा.

आता पुढच्या दर्शनी भागाचा प्रश्न. थीमचे धातुकाम बहुतेक वेळा तिथेच केले जाते, आणि हवा आत येण्याची जागाही तीच. समोर अखंड पत्रा बसवून त्यात चार बारीक फटी ठेवल्या तर पंखे फिरतात, आवाज करतात, पण हवा येत नाही. जाळीकाम असे असावे की निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहील. नागपुरात हा मुद्दा पुण्या-बेंगळुरूपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. समजा, तुमचे ग्राफिक्स कार्ड गेम खेळताना खोलीतल्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापते. खोली २५ अंशांवर असेल तर कार्ड ७० वर राहील. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली ४० अंशांवर गेली की तेच कार्ड ८५ वर पोहोचते, आणि साधारण याच टप्प्यात अनेक कार्डे स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागतात. ज्या शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे दर्शनी पत्र्यात वाचवलेला प्रत्येक अंश मोलाचा आहे. काळ्या रंगाने पेटी जास्त तापते का, असेही विचारले जाते. उन्हात ठेवली तर हो. घरात पंखे चालू असताना रंगाचा फरक नगण्य असतो.

आणि कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात, ते वाळले की क्षाराचा पांढरा थर मागे राहतो.

रंग कोणता आणि कधी?

महालातली चितार ओळ म्हणजे गणपती आणि देवीच्या मूर्ती घडवणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांची वस्ती. ब्रशइतकाच स्प्रे गनवरही तिथल्या हातांचा ताबा असतो. पितांबराच्या घडीतली सावली, गालावरची झाक, दागिन्यांची सोनेरी कड हे सगळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर चित्र काढून घ्यायला यापेक्षा चांगला हात शहरात दुसरीकडे शोधायची गरज नाही.

पण माती आणि पत्रा यांत फरक आहे. माती रंग पिते, पत्रा पीत नाही. मूर्तीवर सुंदर बसलेला रंग गुळगुळीत पत्र्यावर नखाने निघतो. म्हणून काम वाटून घ्या. खालचा थर आणि शेवटचे पारदर्शक लॅकर गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडून, मधले चित्र चितार ओळीतल्या कलाकाराकडून. क्रम असा: पत्रा तेलकट राहू नये म्हणून पुसून घ्यायचा, ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा, जस्ताच्या पत्र्याला चालणारा प्रायमर मारायचा, मग रंगाचे पातळ हात. एकच जाड हात मारला की रंग ओघळतो, आणि ओघळलेला रंग घासून काढण्यात दोन दिवस जातात. दोन्ही कारागिरांना एकमेकांचा रंग कोणता आहे हे आधीच सांगा. ऑइल पेंटवर ड्युकोचे कडक थिनर पडले की खालचा रंग सुरकुततो आणि उचलला जातो, मग चित्र कितीही चांगले असो, ते गेले. टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यावर तिन्ही थर मारून पाहायला एक दिवस लागतो, तो द्यावा.

नागपूरच्या हवेत रंगाचे वेळापत्रक असते. मे महिन्यात फवारा पत्र्यावर पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओल्या लॅकरवर बसतो आणि चकाकी जाऊन पांढुरका धुरकट थर दिसतो. सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. योगायोग असा की चितार ओळीत याच काळात तुलनेने निवांत असते. पोळ्यापासून नवरात्रापर्यंत तिथे कॅबिनेट घेऊन जाणाऱ्याला कोणी उभेही करणार नाही आणि करूही नये. कूलरवाल्याचेही तसेच, फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचा हंगाम सुरू होतो.

वाड्यातल्या बंद खोलीत स्प्रे मारणे मात्र पूर्णपणे चूक आहे. थिनरची वाफ पेट घेते. देवघरातला दिवा किंवा गॅसची शेगडीही त्याला पुरते. गाड्यांवर वापरतात त्या दोन भाग मिसळून करायच्या पारदर्शक लॅकरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल तिथे काही कामाचा नाही. हे काम गॅरेजमध्ये, गाळणीचे मास्क लावणाऱ्याकडूनच करून घ्या. जुने कॅबिनेट घासताना कोरडे न घासता पाण्याने घासा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तो लोखंडावरच्या औद्योगिक रंगांसाठी नाही.

पावडर कोटिंगचा पर्यायही आहे. हिंगणा एमआयडीसीत अशी कामे होतात. रंगाची भुकटी विजेच्या भाराने पत्र्याला चिकटवून १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजली जाते. एकरंगी कामाला याहून टिकाऊ काही नाही. प्लॅस्टिकचा एकही तुकडा पेटीत राहू देऊ नका आणि स्क्रूची भोके आधी बुजवून घ्या, एवढे लक्षात ठेवा.

अर्थिंगचा संबंध कुठे येतो?

आता मुख्य मुद्दा. अनेक घरांत कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की हलक्या मुंग्या येतात. टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. ‘थोडा करंट मारतो’ असे म्हणून लोक सोडून देतात, पायात चप्पल घालून बसतात. हा संगणकातला बिघड नसतो. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून लोखंडी पेटीकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट जमिनीत सोडणे हे त्यांचे काम. प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून ती गळती जमिनीत जाते आणि तुम्हाला काही कळत नाही. तिसऱ्या पिनेमागे वायरच नसेल तर अख्खी पेटी जवळपास निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे २३० च्या निम्म्या ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. प्रवाह अगदी किरकोळ, मिलिॲम्पिअरच्याही खाली असतो, म्हणून फक्त मुंग्या येतात.

भीती वेगळी आहे. उद्या आत खरोखर फेजची वायर निसटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असलेल्या घरात मोठा प्रवाह जमिनीत धावतो आणि एमसीबी पडतो. अर्थिंग नसलेल्या घरात काहीच होत नाही. पेटी २३० व्होल्टवर शांत उभी राहते आणि कोणीतरी हात लावायची वाट पाहते.

महालातल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे मुद्दाम तपासावे लागते. मूळ वायरिंग दोन तारांचे असते, पुढे कधीतरी तीन भोकांचा बोर्ड बसवला जातो आणि तिसरे भोक रिकामेच राहते. त्याहून वाईट जुगाड म्हणजे बोर्डाच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून देणे. मुंग्या थांबतात आणि घरमालक खूश होतो, पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की तीच तार पेटीत थेट वीज आणते.

रंगाचा संबंध इथे येतो. रंग म्हणजे विजेच्या दृष्टीने रबर. बाहेरून रंग दिला की मुंग्या येणे थांबते आणि माणसाला वाटते, बरे झाले. आजार तसाच राहतो, फक्त त्याचे लक्षण झाकले जाते. शिवाय रंग आतूनही मारला असेल तर कॅबिनेटचे भाग एकमेकांपासून तुटतात. एसएमपीएसची पेटी जिथे मागच्या पत्र्याला टेकते ती जागा, मदरबोर्डखालचे पितळी खुंटे जिथे बसतात ती जागा, मागच्या पोर्टांच्या पट्टीची कड आणि बाजूचे पत्रे जिथे सांगाड्याला मिळतात त्या कडा, या ठिकाणी धातूला धातू लागलाच पाहिजे. रंग देण्यापूर्वी तिथे मास्किंग टेप लावा. नंतर जोडलेले जाळीकाम, पितळी पट्ट्या, पत्र्याचे पंख हेही सांगाड्याशी उघड्या धातूने जोडलेले हवेत. सुटा राहिलेला लोखंडी भाग आतल्या वायरला टेकला तर त्याला अर्थिंग मिळत नाही.

काम झाल्यावर प्लग भिंतीतून काढा, मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा, एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे पेटीच्या प्रत्येक धातूच्या भागावरील उघड्या स्क्रूला लावा. प्रत्येक ठिकाणी बीप आली पाहिजे. भिंतीतला बोर्ड मात्र स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्टेज मिळते का, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ते अगदी थोडे असते का, आणि आत कोणी न्यूट्रल-अर्थ जोडून तर ठेवले नाहीत ना, हे त्याला पाहायला सांगा. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवा. भाडेकरू असाल तर घरमालकाशी वाद होईल. तो कॅबिनेटच्या रंगावरून होणाऱ्या वादापेक्षा कामाचा आहे. रंगासाठी ठेवलेल्या पैशांतून हा खर्च आधी निघाला पाहिजे, मग रंगाला उरतील तेवढे.

थीम कोणती घ्यायची?

ड्रॅगन, कवट्या आणि परदेशी सिनेमातले नायक यांना आपला विरोध नाही. पण चितार ओळीतल्या कलाकारासमोर मोबाइल धरून ‘हा रोबोट काढून द्या’ म्हणणे म्हणजे हलवायाकडून पिझ्झा मागवण्यासारखे आहे. तो करून देईल, पण त्याचा हात तिथे खुलणार नाही. महालाच्या आसपास पाहा. गांधी गेटची कमान कॅबिनेटच्या दर्शनी भागासारखीच उभट आहे, आणि कमानीखालची मोकळी जागा हवेसाठी आयती मिळते. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे, त्याच्या झुलीची नक्षी बाजूच्या पत्र्यावर छान बसेल. काळी आणि पिवळी मारबत आहे. मिरवणुकीतले ते रौद्र चेहरे कोणत्याही गेममधल्या राक्षसाला भारी आहेत. आत लाल दिवा लावला तर वेगळे काही करावे लागणार नाही. देवदेवतांची चित्रे मात्र टाळावीत, असे मला वाटते. कॅबिनेट जमिनीवर ठेवले जाते, पाय लागतो, काही वर्षांनी भंगारात जाते.

पैसे ठरवताना पत्रा, प्रायमर, लॅकर यांचा हिशेब सामानाप्रमाणे करा आणि चित्राचा वेगळा. मूर्तीचा भाव फुटावर ठरतो म्हणून चित्रही फुटावर मागू नका. दीड फुटाच्या पत्र्यावरचा मारबतीचा चेहरा मोठ्या मूर्तीच्या पितांबरापेक्षा जास्त वेळ खातो. रेखाचित्र आधी कागदावर काढून घ्या, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि पंख्याची, स्क्रूची, काचेची जागा त्या कागदावर मापाने आखून द्या, म्हणजे डोळ्याच्या जागी स्क्रूचे भोक येणार नाही. कलाकाराला हवे असेल तर खालच्या कोपऱ्यात त्याचे नाव टाकू द्या आणि शेवटचा लॅकरचा हात त्या नावावरूनही जाऊ द्या.